दोन बेसिनच्या काउंटरचा दगड कापण्याआधी

दोन बेसिनच्या काउंटरमध्ये दगड एकदा कापला की माघार नाही, म्हणून तयारीचा सारा भर कटर चालण्याच्या आधीच असावा. सर्वप्रथम जागा पाहावी. दोघांना एकाच वेळी निवांतपणे तोंड धुता यावे यासाठी दोन बेसिनच्या मध्यांत किमान ३० इंच अंतर हवे. पाच फुटांच्या काउंटरवर ते सहज साधते, चार फुटांत मात्र कोपराला कोपर लागतो. ठाणे-नवी मुंबईतल्या अनेक फ्लॅटमध्ये एवढी सलग भिंत मिळत नाही आणि तशा वेळी एकच मोठे बेसिन घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

माप घेण्यापूर्वी भिंतीच्या टाइल्स लागलेल्या असाव्यात, दोन्ही व्हॅनिटी युनिटे (बेसिनखालची कपाटे) भिंतीला पक्की करून एकमेकांना स्क्रूने जोडलेली असावीत आणि त्यांचा माथा पाणसळीत आलेला असावा. खाडीकाठच्या दमट हवेत साधा प्लाय फुगतो. तेव्हा युनिट आयएस ७१० दर्जाच्या, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचे आहे ना आणि पाइपसाठी पाडलेल्या भोकांच्या कडा सील केल्या आहेत ना, हे सुताराला विचारून न थांबता स्वतः वाकून पाहावे. वाशी-नेरूळकडच्या जुन्या इमारतींत भिंती गुण्यात (काटकोनात) असतील असे धरून चालू नये. लांबी मागे, मध्ये आणि पुढे अशी तीन ठिकाणी मोजावी आणि कोपरा तिरका असल्यास पुठ्ठ्याचा फरमा काढूनच दगडवाल्याकडे द्यावा.

बेसिन आणि नळ दगड कापण्यापूर्वी घरात आलेले हवेत. भाजताना सिरॅमिक आकसत असल्याने एकाच मॉडेलच्या दोन बेसिनांतही थोडा फरक पडतो, म्हणून कटआउट (बेसिनसाठी दगडात कापायची जागा) कॅटलॉगवरून न आखता प्रत्यक्ष बेसिन ठेवून आखावा. कटआउटचे आतले कोपरे गोलाकार ठेवण्यास बजावून सांगावे, कारण टोकदार कोपऱ्यातूनच तडा सुरू होतो. पुढची कड युनिटच्या बाहेर इंचभर काढावी आणि तिच्या खालच्या अंगाला पाणी तोडणारी बारीक खाच मारून घ्यावी. ही खाच नसली की ओघळ दगडाखालून मागे सरकत थेट युनिटच्या शटरवर (दारावर) येतो. टेबलटॉप (दगडावर ठेवायचे) बेसिन असल्यास त्याची उंची काउंटरच्या उंचीतून वजा करावी.

दगड म्हणून ग्रॅनाइटच बरा, कारण संगमरवरावर अ‍ॅसिडयुक्त क्लीनरचे डाग पडतात. पाच फूट लांब, २२ इंच रुंद आणि १८ मिलीमीटर जाड ग्रॅनाइटचा तुकडा कटआउटपूर्वी सुमारे ४० किलो भरतो. कटआउटच्या पुढची अरुंद पट्टी वाहताना तुटू नये म्हणून तो आडवा न धरता उभाच न्यावा लागतो, तेव्हा लिफ्टचे मापही घेऊन ठेवावे. सोसायटीची परवानगी, कामाच्या वेळा आणि डेब्रिज उचलण्याची सोय आधीच ठरवावी.

प्लंबरकडून दोन बॉटल ट्रॅप (वास अडवणारे सांडपाण्याचे जोड), दोन वेस्ट कपलिंग (बेसिनच्या तळाच्या जाळ्या), चार अँगल कॉक (भिंतीतले छोटे कॉक) आणि तितकेच कनेक्शन पाइप मोजून घ्यावेत आणि ट्रॅप ड्रॉवरच्या वाटेत येत नाही ना, हे दगड बसण्यापूर्वी तपासावे. बाथरूमचा मुख्य कॉक पूर्ण बंद होतो का, हेही पाहावे. सांधे भरायचे सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचेच आणावे, कारण व्हिनेगरसारख्या वासाचे सिलिकॉन दगडाच्या कडेला डाग पाडू शकते. ते भरल्यावर २४ तास पाणी लागू देऊ नये. त्यानंतर दोन्ही बेसिन काठोकाठ भरून एकदम सोडावीत आणि ट्रॅपखाली कोरडा कागद ठेवून प्रत्येक जोड तपासावा.