मातीच्या भट्टीतलं जेवण जेवायला अँडीजमध्ये जाताय? या चुका टाळा

पेरूला जाणाऱ्या मराठी मंडळींच्या यादीत माचू पिचूच्या खाली हल्ली आणखी एक ओळ दिसते: गावात जाऊन पाचामांका. याचा मला मनापासून आनंद आहे. जमिनीत खड्डा, त्यात तापून निघालेले दगड, दगडांमध्ये बटाटे, मांस, शेंगा, मक्याची कणसं, वर पाला, ओली कापडं आणि शेवटी माती. तासाभराने उकरायचं आणि सगळ्यांनी मिळून जेवायचं. पेरूने २००३ मध्ये याला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. फेब्रुवारीचा पहिला रविवार तिथे पाचामांकाचा दिवस म्हणून साजरा होतो.

मी पेरूतल्या कुस्को शहराच्या बाजूला छोटे गट घेऊन जाते. गट बदलतात, चुका त्याच राहतात. जाण्याआधी हे एकदा वाचाच.

दोन कामांच्या मधल्या वेळेत पाचामांका बसवणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि तिच्यावर मी कितीही बोलू शकते. सकाळी पिसाकचा बाजार, दुपारी पाचामांका, चारला ओयांतायतांबोहून गाडी. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात दगड तापायलाच दीड ते दोन तास लागतात. सरपण ओलसर असेल तर जास्तच. त्यानंतर थर लावणं, मग निदान पाऊण तास ते तास-सव्वा तास झाकून ठेवणं. दगड किती, मांसाचे तुकडे केवढे, यावर ते ठरतं. घड्याळाकडे बघून कुणी ठरवत नाही.

एका गटात एक गृहस्थ होते. शिकलेले, फिरलेले, माणूस म्हणून चांगले. त्यांनी संध्याकाळच्या गाडीची तिकिटं परस्पर काढली होती आणि ते आम्हाला खड्डा झाकल्यावर कळलं. मग दर पाच मिनिटांनी ‘झालं का?’ सुरू झालं. मी दोनदा सांगितलं की आता हातात काही नाही. त्यांनी मला वगळून चालकाला गाठलं आणि त्याच्यामार्फत यजमानांना निरोप दिला की पाहुण्यांना निघायचंय, उघडा. पाहुण्याला नाही म्हणणं त्या घरच्या लोकांच्या स्वभावात नाही. त्यांनी उघडलं.

वाफेचा एक लोट आला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. घरातल्या आजींनी वरच्या शेंगा बाजूला केल्या, खालून एक बटाटा काढला, दोन बोटांत धरून अंगठ्याने दाबला. दबला नाही. त्यांनी तो कुणाला न दाखवता परत खाली ठेवला. डुकराचं मांस हाडाजवळ लालच होतं. पुन्हा झाकून उपयोग नव्हता, कारण वाफ गेली होती आणि वरचे दगड निवले होते. शेवटी बायकांनी ते मांस आत नेऊन चुलीवर शिजवलं. सकाळपासून सरपण वाहणाऱ्या घरातल्या पोरांच्या वाट्याला त्यांच्या भट्टीतलं त्या दिवशी काहीच आलं नाही. ते गृहस्थ तोवर शेंगा खाऊन निघून गेले होते.

घाई करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगते, कारण चवीपेक्षा ती महत्त्वाची आहे. पेरूच्या ग्रामीण भागात डुकरांमधला फीतकृमी अजून आहे. अर्धकच्चं डुकराचं मांस खाणं ही तिथे खरी जोखीम आहे. हाडाजवळ लाल दिसलं तर खाऊ नका. यजमानांना वाईट वाटेल म्हणून गिळू तर अजिबात नका. ‘अजून थोडं शिजवून द्याल का?’ एवढं विचारलं की ते न रागावता देतात.

माझी पद्धत सोपी आहे. पाचामांकाच्या दिवशी दुसरं काहीही ठेवायचं नाही. सकाळी दगड रचायच्या वेळी पोचायचं. दगड रचणं, आधी काजळी धरून काळे पडलेले दगड काजळी जळून पांढुरके होताना बघणं, मक्याचं सारण सालीत बांधणं, हे सगळं त्या दिवसाचाच भाग आहे. फक्त खड्डा उघडताना पोचणाऱ्याला गरम बटाटे मिळतात, बाकी काही नाही. ‘हाफ डे पॅकेज’मध्ये बऱ्याचदा आधीच शिजवलेलं अन्न खड्ड्यात ठेवून तुमच्यासमोर उकरतात. त्याला मी पाचामांका म्हणत नाही.

‘मी फक्त बटाटे खाईन’

शाकाहारी मंडळी हे इतक्या सहज म्हणतात की मला दर वेळी थांबवून समजवावं लागतं. थर कसे असतात ते बघा. बटाटे, रताळी, ओका नावाचा कंद ही मंडळी शिजायला वेळ घेतात, म्हणून ती तळाला, दगडांच्या सर्वांत जवळ. त्यावर मांस: डुक्कर, मेंढी, कोंबडी, कुठे अल्पाका, कुठे कुय म्हणजे गिनीपिग. सगळ्यात वर हाबासच्या जाड शेंगा, कणसं आणि उमितास, म्हणजे सालीत बांधलेलं मक्याचं सारण. म्हणजे मांसाची चरबी आणि रस थेट बटाट्यांवर उतरतो. वरचं तरी खाऊ म्हणाल, तर उमितासच्या मक्याच्या सारणात डुकराची चरबी घालायची रीत आहे. विचारल्याशिवाय कळत नाही.

त्या दिवशी जाऊन सांगणं उपयोगाचं नाही. मांस आदल्या रात्रीच मसाल्यात मुरवून ठेवलेलं असतं आणि खड्डाही एकच खणलेला असतो. ठरवतानाच स्पष्ट सांगा: आम्ही मांस खात नाही, मांसाला लागलेलंही खात नाही, आमच्यासाठी छोटा वेगळा खड्डा होईल का? बहुतेक ठिकाणी होतो, त्याचे वेगळे पैसे आनंदाने द्या. कांदा-लसूण आणि कंदमुळं वर्ज्य असणाऱ्यांनी मात्र हा बेत करू नये. हे जेवण उभंच कंदांवर आहे, त्यातून कंद वगळायला सांगणं यजमानांवर अन्याय आहे.

आणि पिशवीतले ठेपले-खाकरे खड्डा उघडतानाच बाहेर काढू नका. नंतर काढा, घरातल्या मुलांनाही द्या, त्यांना आवडतात.

पाचामांका आणि वातिया एकच समजणं

शाकाहाऱ्यांचा खरा मार्ग वातिया आहे आणि त्याची माहितीच कुणाला नसते. काढणी झालेल्या शेतात सुकलेली ढेकळं एकावर एक रचून छोटा घुमट करतात. पुढे तोंड ठेवतात, आत जाळ घालतात. ढेकळं चांगली तापली की आत बटाटे, ओका, शेंगा टाकून घुमटच वरून पाडतात आणि ढेकळं ठेचून सगळं गाडून टाकतात. अर्ध्या-पाऊण तासात तयार. ना दगड, ना मांस. सोबत ताजं चीज आणि उचुकुता, म्हणजे मिरची आणि रानपाल्याची पाट्यावर वाटलेली चटणी. टिटिकाका सरोवराच्या बाजूला गेलात तर बटाट्याबरोबर खायच्या चिकणमातीचं कालवणही मिळेल. चव घ्या, ती शेकडो वर्षांची सवय आहे.

वातिया मनात येईल तेव्हा होत नाही. ढेकळं सुकी हवीत आणि शेतात नुकता काढलेला बटाटा हवा. साधारण मे ते ऑगस्ट. आपली मे महिन्याची सुट्टी आणि तिथली बटाट्याची काढणी एकाच वेळी येते, हा योग साधा. दिवाळीच्या सुट्टीत जाऊन वातिया मागाल तर पावसाची सुरुवात असते, ढेकळं ओली असतात. तेव्हा पाचामांकाच करा, ती वर्षभर होते.

वातियाचा बटाटा हातात आला की तळहातांवर झेलत माती झटकायची, साल नखाने काढायची. पाण्याने धुऊ नका. पाणी लागलं की भाजल्याचा वास गेला. काट्या-चमच्याची वाटही बघू नका.

मदत म्हणून कुठलाही दगड उचलून आणणं

उत्साही माणसं हे हमखास करतात. यजमान ढिगातून एकेक दगड निवडून रचत असतात, आणि आपल्यातला कुणीतरी ओढ्यातून छान गोल दगड उचलून आणतो. ओढ्यातल्या दगडाच्या भेगांत पाणी असतं. तापलं की त्याची वाफ होते, तिला वाट मिळाली नाही की दगड फुटतो. मी एकदा असा दगड फुटताना पाहिला आहे. बंदुकीसारखा आवाज झाला आणि नखाएवढी कपची शेजारी उभ्या मुलीच्या शालीत अडकली. चार बोटं वर असती तर डोळा गेला असता. घरात वापरतात ते दगड अनेक वर्षं तापून पारखलेले असतात. प्रत्येक पाचामांकानंतर ते गोळा करून पुढच्या वेळेसाठी ठेवतात. त्यांना हात लावायचा तो सांगितल्यावरच.

परत आल्यावर शेतावर करून बघणाऱ्यांनी हे दुप्पट लक्षात ठेवावं. आपल्याकडच्या काळ्या दगडात अनेकदा पोकळ्या असतात आणि त्यात पांढरे स्फटिक भरलेले असतात. त्यातल्या बऱ्याच स्फटिकांच्या घडणीतच पाणी असतं. असा दगड, नदीतला दगड, भेगाळलेला दगड, तिन्ही नकोत. उन्हात कित्येक दिवस पडलेला, घट्ट, सलग दगड घ्या, आधी मंद जाळावर एकदा रिकामाच तापवून बघा आणि तेव्हा लांब उभे राहा.

घरच्या प्रयोगात बाकी तक्रारी येतात त्या अशा. तळाचे बटाटे जळाले, तर निखारे जास्त राहिले होते. निखारे बाहेर ओढायचे, काम दगडांनी करायचं. मध्यभाग कच्चा राहिला, तर दगड फक्त तळाला घातले होते. प्रत्येक थरात दगड हवेत. जेवणात माती आली, तर कापड मधून उचललं होतं. आधी सगळी माती बाजूला ओढायची, मग कडेकडून कापड गुंडाळत यायचं. झाकल्यावर कुठून वाफ येताना दिसली तर तिथे लगेच मूठभर ओलसर माती दाबायची. कोरडी माती घसरते.

आणि कृपा करून पुदिना-कोथिंबीर वाटून त्याला पाचामांकाचा मसाला म्हणू नका. तिथला मसाला वाकाताय आणि चिंचो या पाल्यांवर चालतो. दोन्ही झेंडूच्या कुळातल्या, त्यांचा उग्र वास पुदिन्यात येणार नाही. आपल्याकडे करायचंच असेल तर थंडीत रायगडात जाऊन भांबुर्ड्याच्या पाल्यातली पोपटी लावा. तिला तिचा पाला आहे, तिची चव आहे, तिला परक्या नावाची गरज नाही.

पहिल्याच दिवशी जेवायला जाणं

कुस्को ३,४०० मीटरच्या आसपास आहे, चिंचेरोचं पठार ३,७०० च्या वर. त्या उंचीवर पाणी ८७-८८ अंशांनाच उकळतं. पातेल्यात बटाटा शिजायला किती वेळ लागतो हे तिथल्या बायकांना विचारा. थेट दगडाला टेकून भाजण्याचं मोल मग कळतं. उंचीवर आपलं पचनही मंदावतं. विमानातून उतरून त्याच दिवशी डुक्कर आणि चिचाचा, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या पेयाचा, मोठा पेला म्हणजे रात्रभर डोकेदुखी आणि उलट्या. आधी उरुबांबाच्या खोऱ्यात खाली दोन रात्री काढा. जेवताना कमी वाढून घ्या. पुन्हा मागितलेलं यजमानांना आवडतं, टाकलेलं आवडत नाही.

लहान वाटणाऱ्या चुका

दगड तापण्याआधी किंवा खड्डा झाकल्यावर घरातलं वडीलधारं माणूस कोकाची तीन पानं हातात धरून पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, अर्पण करतं आणि चिचा जमिनीवर ओततं. तेव्हा मोबाईल खिशात ठेवा. ‘पुन्हा एकदा करून दाखवता का?’ हा प्रश्न मी ऐकला आहे आणि तो ऐकताना मला लाज वाटली आहे. आपल्या देवघरासमोर कुणी असं म्हटलं तर?

झाकलेल्या खड्ड्यावर पाय देऊ नका, त्यावरून उडी मारू नका. वर फुलांचा क्रूस खोचलेला असेल तर तो फोटोसाठी उपटू नका. आगीजवळ सिंथेटिक ओढणी आणि जॅकेट नको, सुती किंवा लोकरीचं घाला.

पैशांची घासाघीस करू नका. त्या रकमेत सरपण आहे, जनावर आहे, चार-पाच माणसांचा अख्खा दिवस आहे. शक्य असेल तिथे मधल्या दलालाऐवजी थेट गावाच्या मंडळाकडे पैसे द्या, सोल या तिथल्या चलनाच्या छोट्या नोटा जवळ ठेवा. वरच्या गावांत कार्ड चालत नाही.

आणि निरोपाच्या वेळी हातात दिलेली कोकाची पानं तिथेच चघळून संपवा किंवा परत द्या. पेरूमध्ये ती कायदेशीर आहेत, भारतात अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याखाली येतात. कोकाच्या चहाच्या पुड्याही बॅगेत घालू नका. विमानतळावर ‘नुसता चहा आहे’ हे कुणी ऐकून घेत नाही.