आलेला मेल खरा की बनावट, हे हेडरवरून कसं ओळखायचं

'पाठवणाऱ्याचं नाव बघा, शुद्धलेखनाच्या चुका शोधा' हा सल्ला आता कुणी देऊ नये. नावाच्या जागी कुणीही काहीही टाकू शकतं, आणि फसवे मेल हल्ली अगदी नीटनेटक्या भाषेत येतात. बघायचं ते हेडर, म्हणजे मेलसोबत येणारी, एरवी न दिसणारी तांत्रिक माहिती.

कंप्युटरवर जीमेलमध्ये मेल उघडा, उजवीकडचे तीन ठिपके दाबा, 'शो ओरिजिनल' निवडा. मोबाइल अ‍ॅपमध्ये ही सोय नाही. पाठवणाऱ्याच्या तीन तपासण्यांच्या ओळी वरच दिसतील: एसपीएफ (मेल पाठवणाऱ्या सर्व्हरला त्या डोमेनची, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाची, परवानगी आहे का), डीकेआयएम (डोमेनची डिजिटल सही) आणि डीमार्क (त्याबद्दल पुढे).

आता घाई करू नका. एसपीएफपुढे 'पास' दिसलं की लोक निर्धास्त होतात आणि शिकवणारेही तिथेच थांबतात. मला याचा राग येतो, कारण फसवणूक नेमकी इथेच होते. एसएमटीपी या १९८२ साली ठरलेल्या मेल पाठवण्याच्या पद्धतीत मेलवर पाठवणाऱ्याचे दोन पत्ते असतात: एक पाकिटावरचा, एक आतल्या पत्रावरचा. एसपीएफ तपासतं पाकीट. तुम्हाला दिसतो तो आतला 'फ्रॉम'. भामटा पाकिटावर स्वतःचं डोमेन घालतो, एसपीएफ बिनबोभाट पास होतं आणि आत तुमच्या साहेबांचा पत्ता झळकतो. डीकेआयएमचंही तेच. सही अस्सल असेल, पण कुणाच्या डोमेनची?

एसपीएफ आणि डीकेआयएमपैकी पास झालेल्या एकाचं तरी डोमेन 'फ्रॉम'मधल्या डोमेनशी जुळतं का, हे डीमार्क बघतं. म्हणून मी आधी तीच ओळ वाचतो. 'फेल' असेल तर लिंक दाबायची नाही, पैसे पाठवायचे नाहीत. फॉरवर्ड झालेला खरा मेलही कधीकधी फेल होतो. तरीही आधी फोन करायचा, तोही मेलमधल्या नंबरवर नव्हे, आपल्याकडे आधीपासून असलेल्या. डीमार्कची ओळच नसेल, तर पाकिटावरचं आणि सहीचं डोमेन 'फ्रॉम'शी स्वतः जुळवून बघा.

'पास' असलं तरी डोमेन अक्षर अन् अक्षर वाचा. एखादं अक्षर बदलून घेतलेलं डोमेन भामट्याच्याच मालकीचं असतं, त्यामुळे त्याचे तिन्ही पास होतात. 'रिप्लाय-टू', म्हणजे तुमचं उत्तर जाईल तो पत्ता, भलताच असेल तर उत्तर देऊ नका.

तुमचं स्वतःचं डोमेन असेल, तर फेल झालेल्या मेलचं काय करायचं हे सांगणारं डीमार्कचं धोरण 'नन'वर ठेवून स्वस्थ बसू नका. 'नन'मुळे फक्त अहवाल येतात, अडत काहीच नाही. तुमच्या वतीने मेल पाठवणाऱ्या सगळ्या सेवा अहवालात पास दिसू लागल्या की 'क्वारंटाइन' (फेल मेल स्पॅममध्ये) करा, मग 'रिजेक्ट' (फेल मेल घ्यायचाच नाही).