‘करू नये’ असं कोण म्हणतं?

तत्त्वज्ञानात एम. ए.ला नीतिभाषेचा, म्हणजे ‘वाईट’, ‘करू नये’ अशा शब्दांचा अर्थ काय याचा, पेपर घेतलात, की पहिले दोन महिने डोकं भणभणतं. सातारा-वाई एसटीत बसून मी मतं घोकायचो. इंग्रज तत्त्वज्ञ एअर, १९३६ : ‘चोरी वाईट’ हे विधानच नव्हे, ती नापसंती. दुसरा इंग्रज तत्त्वज्ञ हेअर, १९५२ : ‘चोरी वाईट’ हा सगळ्यांना सारखा लागू होणारा आदेश. ही मतं एका वहीत; धर्मनीतीची, म्हणजे धर्मातल्या ‘करावं-करू नये’ची, वही मात्र वेगळी. ही दोन वह्यांची चूक तुम्ही करू नका, माझं अख्खं सत्र त्यात गेलं.

वाट सापडली ती वाईला, आजीच्या ओसरीवर. तिची वाक्यं मी जशीच्या तशी उतरवून घेतली. ‘तिन्हीसांजेला केर काढू नये.’ ‘लक्ष्मी जाते.’ ‘दारी आलेल्याला पाण्याला नाही म्हणू नये.’ ‘पाप लागतं.’ मग ‘नये’वाली एका बाजूला लिहिली, ‘जाते-लागतं’वाली दुसऱ्या बाजूला. मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ कसा लावायचा याचं शास्त्र रचणाऱ्यांनी, वेदवाक्यांत हाच भेद केला होता : विधी-निषेध एकीकडे, अर्थवाद दुसरीकडे. अर्थवाद स्तुती किंवा निंदा करतो आणि विधीला बळ देतो. म्हणजे ‘पाप लागतं’ खरं की खोटं, यावर अडून न बसता ते कुठल्या ‘करू नये’च्या पाठीशी उभं आहे, ते बघायचं. शाळेच्या व्याकरणातला ‘विध्यर्थ’ याच ‘विधी’चा. पहिल्या आठवड्यात घरातली अशी पंचवीस वाक्यं गोळा करा, एअर-हेअर त्यानंतर.

आणखी एक. धर्मनीती म्हणजे देवाची आज्ञा, असं सरसकट धरू नका. ब्रिटिश तत्त्वज्ञ एलिझाबेथ ॲन्सकमने १९५८ मध्ये म्हटलं, की आज्ञा देणारा मानायचा नसेल तर नैतिक ‘कर्तव्य’ या शब्दाखालचा आधारच जातो. आता मीमांसेचा सूत्रकार जैमिनी बघा. त्याच्या लेखी धर्म कळतो तो ‘चोदने’तून, म्हणजे कृतीला प्रवृत्त करणाऱ्या वाक्यातून, आणि वेद तर अपौरुषेय, म्हणजे कुणीच न रचलेले. आज्ञा आहे, आज्ञा करणारा कुणी नाही! हे समजलं त्या रात्री मला झोप लागली नाही. केवलानंद सरस्वतींचा मीमांसाकोश वाईचाच. संस्कृत कच्चं असेल तर जाणत्याजवळ बसून ‘विधी’ आणि ‘अर्थवाद’ एवढं तरी वाचून घ्या.

पुढच्या खेपेला मी आजीला विचारलं, “केर काढू नये, हे तुला सांगितलं कुणी?”

ती तांदूळ निवडत होती. “सांगायला कुनी कशाला पायजे? न्हाई काढायचा म्हंजे न्हाई काढायचा.”