डिमांड फॅक्टर लावायच्या आधी शॉपफ्लोअरवर जाऊन या

मी अंधेरीत एका कन्सल्टन्सीत इलेक्ट्रिकल डिझाइन करतो, कामं बहुतेक वसई, तळोजा, तुर्भे पट्ट्यातली. नवीन डिप्लोमा-बीई झालेली मुलं आली की त्यांना पहिली लोड लिस्ट, म्हणजे मशिनी आणि त्यांच्या किलोवॅटची यादी, देतो. अर्धी मुलं सगळ्या मशिनींचे किलोवॅट बेरीज करून ट्रान्सफॉर्मर सांगतात, बाकीची कुठल्यातरी जुन्या एक्सेलमधून 0.6 चा डिमांड फॅक्टर (जोडलेल्या एकूण लोडपैकी प्रत्यक्षात एका वेळी किती लागतो ते प्रमाण) उचलून सरसकट लावून मोकळी. आता 0.6 चूकच असेल असं नाही, पण तो आला कुठून हे सांगता आलं पाहिजे, कारण क्लायंटचा मेंटेनन्सवाला पहिलं तेच विचारतो.

एक साधा हिशोब बघा. 15 किलोवॅटच्या 12 सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशिनी) म्हणजे 180, 37 चे दोन कॉम्प्रेसर 74, क्रेन 22, लाइट-पंखे-कॉम्प्युटर 20 आणि हीटरवाली फर्नेस 60. कनेक्टेड लोड झाला 356 किलोवॅट. पण सीएनसी सगळ्या एकाच वेळी फुल कटवर नसतात, जॉब लावणं-काढणं चालूच असतं, म्हणून 0.5 धरा, 90 आले. कॉम्प्रेसर एक चालतो एक स्टँडबाय, म्हणजे 37. क्रेन दिवसभरात थोडा वेळच, 0.3 ने 7. लाइट वगैरे 0.9 ने 18. फर्नेस मात्र पूर्ण 60, कारण गरम होताना ती सगळा लोड घेते. बेरीज 212, म्हणजे साधारण 0.6 च आला ना! पण आता प्रत्येक आकड्यामागे कारण आहे, आणि उद्या दुसरी फर्नेस आली की काय बदलेल तेही कळतं. ट्रान्सफॉर्मर केव्हीएत मोजतात, त्यासाठी किलोवॅटला पॉवर फॅक्टरने भागायचं: 0.9 ने 235 केव्हीए, पुढच्या वाढीचे 20 टक्के धरून 282, म्हणून त्याच्या वरचा मिळणारा साइझ, 315 चा ट्रान्सफॉर्मर. फॅक्टर न लावता हाच हिशोब 500 वर गेला असता.

हे आकडे टेबलात मिळत नाहीत, सुपरवायझरकडे मिळतात. दोन्ही कॉम्प्रेसर कधी एकत्र लावता का, सुट्टीनंतर सोमवारी सकाळी काय काय एकदम चालू होतं, हे विचारायचं. प्लास्टिक मोल्डिंगच्या युनिटमध्ये तर हे फारच महत्त्वाचं, तिथे सकाळी सगळ्या मशिनींचे बॅरल हीटर (प्लास्टिक वितळवणारे) गार असतात आणि एकदम फुल लोड घेतात, पण तेव्हा हायड्रॉलिक पंप बंद असतो, नंतर पंप चालतो तेव्हा हीटर अधूनमधूनच लागतात. दोघांचे पीक बेरीज केलेत तर उगाच फुगवलात. जुनं युनिट वाढवायचं असेल तर वर्षभराची बिलं मागा, त्यात मॅक्सिमम डिमांड छापलेली असते, अंदाजाची गरजच नाही.

आता एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: एकट्या मशीनच्या केबलला डिमांड फॅक्टर लावायचा नाही. ती मशीन जेव्हा चालेल तेव्हा पूर्ण करंट घेणार, केबलला काय माहीत बाकीच्या बंद आहेत ते. फॅक्टर वर लागतो, पॅनलच्या इनकमरला (जिथून पूर्ण पॅनलला सप्लाय येतो तो मुख्य स्विच), ट्रान्सफॉर्मरला. आणि पॅनलला लावून झाला असेल तर ट्रान्सफॉर्मरला तोच परत लावू नका, तिथे फक्त पॅनलांचे पीक एकत्र येतात का तेवढंच बघायचं.

स्टार्टिंग वेगळं तपासा. मॅक्सिमम डिमांड 15 किंवा 30 मिनिटांची सरासरी असते, त्यात मोटरचा सुरुवातीचा झटका दिसतच नाही. 37 किलोवॅटची मोटर डायरेक्ट लावली तर सहा-सात पट म्हणजे 400 अँपिअरच्या वर जाते, आणि 315 केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरचा फुल लोडच 420 अँपिअर. तिथे सुरुवातीचा करंट कमी करणारा स्टार्टर, म्हणजे स्टार-डेल्टा किंवा व्हीएफडी, हवाच. फायर पंपाचंही तसंच, रोजच्या डिमांडमध्ये तो धरत नाहीत, पण आग लागली तर सप्लायने आणि केबलने तो ओढायलाच हवा.

राहिला कॉन्ट्रॅक्ट डिमांड, म्हणजे वीज कंपनीकडून मंजूर करून घ्यायची मागणी. ट्रान्सफॉर्मर 315 चा घेतला म्हणून अर्जात 315 लिहू नका, न वापरलेल्या डिमांडचेही काही प्रमाणात पैसे लागतात, आणि फार कमी लिहिलं तर जादा डिमांडवर दंड. वरच्या केसमध्ये मी 240-250 केव्हीए लिहीन, मशिनी वाढल्या की वाढवून घ्यायचा.