दुरंगी शीर्षक करताना या चुका टाळा

डिजिटल स्क्रॅपबुकच्या, म्हणजे संगणकावर सजवलेल्या फोटो-अल्बमच्या, पानावर दुरंगी (वर एक, खाली दुसरा रंग असलेलं) शीर्षक बिघडलेलं दिसलं की मी आधी एकच गोष्ट तपासते: अक्षर कापलंय का? बहुतेक वेळा कापलेलंच असतं. वरचा अर्धा भाग एका लेयरवर (थरावर), खालचा दुसऱ्यावर, आणि दोन्ही पुन्हा जुळवून ठेवलेले. पान लहान करून पाहिलं तर ठीक वाटतं. मोठं केलं की जोडावर फिकट रेघ दिसते, सावली भलत्या जागी पडते, आणि ‘दादर’चं ‘माहीम’ करायचं म्हटलं तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

म्हणून पहिला नियम असा की अक्षर अखंड ठेवायचं आणि दुसरा रंग त्याच्यावर चढवायचा. पुढच्या निम्म्या अडचणी एवढ्यानेच टळतात. उरलेल्या आपल्या लिपीमुळे येतात, कारण या इफेक्टचे बहुतेक धडे रोमन अक्षरांवर शिकवलेले असतात. शिरोरेषा, उकार, रफार यांचा तिथे प्रश्नच येत नाही.

जोडावर फिकट रेघ दिसते

अक्षराच्या कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून सॉफ्टवेअर काठावरचे पिक्सेल अर्धपारदर्शक करतं. आडवा काप नेमका पिक्सेलच्या रेषेवर बसला असेल तर काही बिघडत नाही. पण शीर्षक जरा तिरकं केलं किंवा त्याचा आकार बदलला की कापाच्या दोन्ही बाजूंचे पिक्सेल अर्धे पारदर्शक होतात. अर्धा वरचा आणि अर्धा खालचा मिळून पूर्ण झाकलं जाईल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात वरच्याने सोडलेल्या जागेतली अर्धीच जागा खालचा भरतो, म्हणजे झाकलं जातं ७५ टक्के. उरलेल्या २५ टक्क्यांतून मागचा कागद डोकावतो. गडद अक्षराखाली पांढरा कागद असला की हीच ती रेघ.

यावर बरेच जण खाली अख्खा शब्द ठेवतात आणि त्यावर दुसऱ्या रंगातला अर्धा शब्द नेमका बसवतात. जोडावरची रेघ जाते, पण बाहेरच्या काठावर खालचा रंग झिरपतो. काळ्यावर पिवळा ठेवला तर पिवळ्याभोवती मळकट कड दिसते. कारण तेच, काठावरचे अर्धपारदर्शक पिक्सेल.

दोन्ही अडचणींवर क्लिपिंग मास्क, म्हणजे वरचा लेयर खालच्या लेयरच्या आकारापुरताच दाखवण्याची सोय, हा उपाय आहे. फोटोशॉपमध्ये शब्द टाइप करून त्याला खालचा रंग द्या. त्याच्या लगेच वर नवा लेयर घेऊन शब्दाच्या वरच्या भागावर, शब्दापेक्षा रुंद असा दुसऱ्या रंगाचा आयत काढा, किंवा स्क्रॅपबुकच्या सजावटीच्या किटमधला एखादा पेपर ठेवा. मग ऑल्ट दाबून दोन लेयरांच्या मधल्या रेषेवर क्लिक करा. आयत फक्त अक्षरांच्या आत दिसेल, काठ मूळ शब्दाचाच राहील आणि शब्द केव्हाही बदलता येईल. आयत वरखाली सरकवला की काप, म्हणजे दोन रंगांमधली सीमा, सरकतो. गिंप वापरणाऱ्यांनी शब्द आणि रंग एका ग्रुपमध्ये ठेवून वरच्या लेयरचा कॉम्पोझिट मोड ‘क्लिप टू बॅकड्रॉप’ करावा. ही सोय २.१० आवृत्तीपासून आहे.

क्लिप केलं, पण दुसरा रंग दिसतच नाही

हे इतक्यांच्या बाबतीत होतं की वेगळं सांगायलाच हवं. खालच्या शब्दाला लेयर स्टाइलमधून कलर ओव्हरले (अख्ख्या लेयरवर रंग चढवणारा इफेक्ट) दिलेला असेल तर तो क्लिप केलेल्या कागदावरही पसरतो. तुमचा सुंदर पेपर जागेवरच असतो, फक्त ओव्हरलेखाली झाकला जातो. ओव्हरले काढून टाका आणि शब्दाचा रंग टाइप टूलमधूनच द्या. ओव्हरले नसूनही रंग दिसत नसेल तर लेयरांचा क्रम पाहा. शब्द आणि कागद यांच्या मध्ये सजावटीचं एखादं झाडाचं पान किंवा बटण येऊन बसलं असेल तर कागद भलत्यालाच क्लिप झालेला असतो.

सावलीचंही असंच. कापलेल्या दोन भागांना वेगवेगळा ड्रॉप शॅडो दिला की वरच्या भागाची सावली खालच्या भागावर पडते आणि शब्द मधोमध दुमडल्यासारखा दिसतो. कागद कापून चिकटवल्याचा भास मुद्दाम हवा असेल तर उत्तमच. नसेल तर सावली फक्त खालच्या अखंड शब्दाला द्या.

काप चुकीच्या उंचीवर

इथे घाई करू नका. दुरंगी शीर्षकाची सगळी शोभा या एका निर्णयावर आहे.

सॉफ्टवेअरला शब्दाचा मध्य म्हणजे सर्वांत वरचा पिक्सेल आणि सर्वांत खालचा पिक्सेल यांच्या मधली जागा. आपल्या डोळ्याला मध्य दिसतो तो शिरोरेषा आणि काना जिथे संपतो ती जागा यांच्या मधोमध. मरीन ड्राइव्हच्या पानासाठी ‘समुद्र’ लिहिलंत तर वर काही नाही, पण खाली म चा उकार लोंबतो आणि द्र चे पाय उतरतात. सॉफ्टवेअरचा मध्य त्यामुळे खाली घसरतो. त्याच साच्यात ‘गिरगाव’ टाका: खाली काही नाही, वर वेलांटी. आता काप शिरोरेषेकडे चढतो. ग्रेडियंट ओव्हरलेमध्ये (एका रंगातून दुसऱ्यात जाणारा रंग चढवणाऱ्या इफेक्टमध्ये) दोन्ही रंगांचे थांबे ५० टक्क्यांवर आणून दुरंगी करणाऱ्यांना हा त्रास हमखास होतो, कारण ‘अलाइन विथ लेयर’ चालू असलं की ग्रेडियंट त्या लेयरच्या चौकटीवरच मोजला जातो. एका पानावर चार ठिकाणांची नावं असतील तर चारही काप वेगवेगळ्या उंचीवर बसतात. पान अव्यवस्थित का वाटतंय हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही, पण डोळ्याला खटकतं. अशा पानावर गाइडची एक रेघ ओढा आणि सगळे आयत तिला टेकवा.

आता ‘समुद्र’ मोठा करून पाहा. स आणि म या दोन्हींच्या पोटात एक आडवी रेघ असते, बहुतेक फॉन्टांत जवळपास एकाच उंचीवर. काप नेमका या रेघेवर आला तर रेघेचा वरचा काठ एका रंगात आणि खालचा दुसऱ्या रंगात जातो. दोन बारीक पट्ट्या उरतात आणि अक्षर तिथे फाटल्यासारखं दिसतं. काप थोडा वर घ्या, रेघ पूर्ण खालच्या रंगात जाऊ द्या. भ, न, ग यांच्याकडेही याच नजरेने पाहायचं. ‘दादर’सारख्या शब्दात अशी रेघच नाही, तिथे मोकळेपणाने कुठेही कापा.

मला स्वतःला सर्वांत आवडतो तो काप शिरोरेषेच्या लगेच खाली. रेषा आणि वरच्या मात्रा एका रंगात, बाकी अक्षर दुसऱ्या रंगात. रोमन अक्षरांत हे जमणारच नाही, आपल्याकडे मात्र लिपीनेच जागा आखून दिली आहे. आयताचा खालचा काठ शिरोरेषेच्या खालच्या काठाशी तंतोतंत जुळवा. एक-दोन पिक्सेल इकडेतिकडे झाले तर ते लगेच दिसतं.

रंग सुंदर, शब्द वाचता येत नाही

काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं पान मुंबईच्या कितीतरी अल्बमांत असतं. ३० ऑक्टोबर २०२३ पासून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हापासून जुने फोटो काढून अशी पानं आवर्जून केली जातात. टॅक्सीचं छत पिवळं आणि अंग काळं, म्हणून शीर्षकही वर पिवळं, खाली काळं करण्याचा मोह होतो. पांढऱ्या कागदावर हे फसतं. शुद्ध पिवळा आणि पांढरा यांच्यातला कॉन्ट्रास्ट जेमतेम १.०७ : १ आहे, आणि मोठ्या अक्षरांसाठी वेबवरच्या सुलभतेच्या निकषांत किमान ३ : १ मागितला जातो. शिवाय मराठीत वरचा अर्धा भाग फिका पडला की शिरोरेषा जाते, वेलांट्या आणि मात्रा जातात. ‘को’ आणि ‘का’ यांतला फरकच उरत नाही. म्हणून फिक्या कागदावर गडद रंग वर असावा. टॅक्सीचा क्रम राखायचाच असेल तर मागे डांबरी राखाडी कागद घ्या, नाहीतर अख्ख्या शब्दाला बारीक काळा स्ट्रोक (बाह्यरेषा) द्या.

याच्या उलट चूक गणपतीच्या पानावर होते. जास्वंदीचा लाल, दूर्वांचा हिरवा, आणि ‘बाप्पा’ या दोन रंगांत. रंग वेगळे, पण गडदपणा जवळजवळ सारखा: शुद्ध लाल आणि गडद हिरवा (०, १२८, ०) यांच्यातला कॉन्ट्रास्ट सुमारे १.३ : १ येतो. काप लांबून दिसत नाही, आणि लाल-हिरव्यातला फरक ज्यांच्या डोळ्यांना कळत नाही त्यांना तर जवळूनही दिसत नाही. तपासणं सोपं आहे. सगळ्यात वर काळ्या रंगाने भरलेला लेयर टाका आणि त्याचा ब्लेंड मोड ‘कलर’ करा, म्हणजे पान करड्या छटांत दिसेल. तीन गोष्टी वेगळ्या दिसायला हव्यात: वरचा रंग, खालचा रंग आणि कागद. हिरवा पोपटीकडे नेला की बाप्पाचं शीर्षक लगेच उठून दिसतं.

अक्षरंच फुटतात

पहिली वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाऊन बसली, जोडाक्षरात पाय मोडलेला दिसला, तर दोष सहसा फॉन्टचा नसतो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ किंवा आवृत्तीप्रमाणे ‘वर्ल्ड-रेडी’ असा पर्याय असतो, तो निवडा. मग पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूत ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ चालू करा. तपासणीसाठी ‘किनाऱ्यावर’ हा शब्द उत्तम: वेलांटी आणि ऱ्य दोन्ही त्यात आहेत. गिंप आणि इंकस्केपमध्ये ही भानगड नाही.

डाव्या अर्ध्या शब्दाला एक रंग आणि उजव्याला दुसरा द्यायचा असेल तर एकेक अक्षर निवडून रंगवत बसू नका. ‘पार्क’मधला रफार क च्या डोक्यावर असतो, पण टाइप करताना र आधी येतो. मध्येच रंग बदलला तर काही प्रोग्रामांत जोडाक्षर तुटतं, काहींत रंग भलत्या जागी जातो. इथेही क्लिप केलेला आयतच वापरा, फक्त उभा.

इंकस्केप किंवा इलस्ट्रेटरमध्ये शब्दाचा पाथ करून (अक्षरांचं रेषाकृतीत रूपांतर करून) स्ट्रोक दिला की प्रत्येक अक्षराच्या जोडावर उभी रेघ उमटते, कारण शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात. आधी युनियन करा (सगळे आकार जोडून एकसंध करा), मग स्ट्रोक द्या. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत काना-मात्रा सुट्या तुकड्यांनी जोडलेल्या असतात, तिथे तर युनियनला पर्यायच नाही.

फॉन्ट जाड हवा, याबद्दल दुमत नसावं. बारीक अक्षरात दोन रंग म्हणजे दोन्ही वाया. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या स्टुडिओचे बलू आणि मोदक गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत. मोदक इतका भरीव आहे की त्यात कापाला मुबलक जागा मिळते, मात्र तो मोठ्या आकारातच वापरा, कारण आतल्या फटी अगदी अरुंद आहेत. लोकलच्या पानासाठी यात्रा वन पाहा. मुंबईच्या रेल्वे स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून तो घेतला आहे. त्याच्या कुंचल्याचा कल तिरका आहे, त्यामुळे आडव्यापेक्षा किंचित तिरका काप त्याला शोभतो.

पडद्यावर बरोबर, छापल्यावर नाही

दोन रंगांच्या मध्ये कागदाची फट ठेवायची असेल तर ती मिलिमीटरमध्ये ठरवा. १२ × १२ इंचांचं पान ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) ३६०० × ३६०० पिक्सेलचं होतं आणि त्यात एक मिलिमीटर म्हणजे साधारण १२ पिक्सेल. दोन पिक्सेलांची फट छापल्यावर दिसतच नाही. पान आधी लहान करून मग वाढवू नका, दुरंगी काठ सर्वांत आधी पुसट होतो.

व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की फाइल दाबली जाते, आणि जेपीईजीमध्ये रंगाचा तपशील उजेड-अंधाराच्या तपशिलापेक्षा ढोबळपणे साठवला जात असल्याने लाल अक्षराचा काठ सर्वांत जास्त फिसकटतो. छपाईच्या लॅबला द्यायची प्रत एसआरजीबी या कलर प्रोफाइलमध्ये, जेपीईजीच्या सर्वोच्च दर्जाला सेव्ह करा, आणि लेयर असलेली मूळ फाइल जशीच्या तशी जपा. मोठ्या अल्बमची ऑर्डर देण्याआधी शीर्षकाचा भाग मूळ आकारातच कापून घेऊन ४ × ६ च्या एका प्रिंटवर काढून पाहा. खर्च किरकोळ असतो, आणि पिवळा किती फिका पडतो, फट दिसते की नाही, हे त्या एका कागदावर कळतं.