पेटंटमधली कृती मोजमापात कशी उतरवावी

रासायनिक पेटंट पहिल्या पानापासून वाचत सुटू नका. आधी शेवटाकडचे दावे वाचा. कायद्याचं संरक्षण तिथे लिहिलं आहे तेवढ्यालाच मिळतं. दाव्यात 'कम्प्रायझिंग' असेल तर सांगितलेल्या घटकांत आणखी काही मिसळलं तरी मिश्रण दाव्याच्या कक्षेतच राहतं; 'कन्सिस्टिंग ऑफ' असेल तर यादी तिथेच संपते. मुदत साधारणपणे अर्ज केल्यापासून २० वर्षांची, आणि तीही ज्या देशात पेटंट मंजूर झालंय त्याच देशापुरती. शोधताना वर्गीकरणाचा कोड वापरा: पाणी शुद्धीकरणासाठी सी०२एफ, औषधी मिश्रणांसाठी ए६१के.

खरी कृती मात्र उदाहरणांत सापडते. अमेरिकी पेटंटमध्ये क्रियापदांचा काळ बघा. 'ढवळले, गाळले' असा भूतकाळ असेल तर प्रयोग सहसा प्रत्यक्ष झालेला असतो. वर्तमानकाळातलं उदाहरण बऱ्याचदा कागदावरचंच असतं. कागदावरच्या उदाहरणातले आकडे फक्त अंदाज म्हणून घ्या.

सगळ्यात जास्त घोळ वजनाच्या आधारामुळे होतो. समजा गढूळ पाणी निवळण्याच्या उदाहरणात 'लिटरला ४० मिलिग्रॅम निर्जल ॲल्युमिनियम सल्फेट' लिहिलंय आणि तुमच्या बरणीत १८ रेणू पाणी असलेलं सल्फेट आहे. निर्जलचा रेणुभार ३४२, जलयुक्तचा ६६६. म्हणजे ४० × ६६६ ÷ ३४२, सुमारे ७८ मिलिग्रॅम घ्यायला हवं. सरळ ४० घातलंत तर डोस जवळपास निम्मा पडेल, पाणी गढूळच राहील आणि दोष पेटंटच्या माथी जाईल. औषधाचंही तेच: ५ मिलिग्रॅम अम्लोडिपिन (रक्तदाबाचं औषध) हवं असेल तर त्याचा बेसिलेट क्षार ६.९३ मिलिग्रॅम लागतो.

पडताळणीसाठी जार टेस्ट करा. १० ग्रॅम जलयुक्त सल्फेट पाण्यात विरघळवून द्रावण बरोबर १ लिटर करा. त्याचा १ मिलिलिटर १ लिटर पाण्यात टाकला की डोस १० मिलिग्रॅम होतो. सहा बीकरमध्ये १ लिटर पाणी घ्या आणि वरच्या उदाहरणातल्या ७८ च्या आजूबाजूचे डोस द्या, म्हणजे ४ ते १४ मिलिलिटर, २-२ ने वाढवत. एक मिनिट, मिनिटाला १०० फेऱ्यांच्या वेगाने ढवळा, मग २० मिनिटं, मिनिटाला ३० फेऱ्यांनी, आणि अर्धा तास न हलवता ठेवा. वरच्या थरातलं पाणी पिपेटने काढून गढूळपणा मोजा. डोस वाढवूनही गुठळ्या धरत नसतील तर पीएच तपासा. १०० मिलिग्रॅम जलयुक्त सल्फेट ४५ मिलिग्रॅमच्या आसपास अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल शोषून घेण्याची क्षमता, खातं (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात). ती अपुरी पडली तर पीएच ६ च्या खाली घसरतो आणि ॲल्युमिनियम पाण्यातच विरघळून राहतं. अशा वेळी थोडी चुन्याची निवळी घालून पीएच ६ ते ७.५ मध्ये आणा.

गोळ्यांच्या पेटंटमध्ये 'मॅग्नेशियम स्टिअरेट घालून ५ मिनिटं मिसळा' असं एकच वाक्य असतं (स्टिअरेट म्हणजे गोळी साच्याला चिकटू नये म्हणून घालायची वंगण पूड). मिसळायच्या ड्रमचा आकार आणि वेग दिलेला नसेल तर त्या ५ मिनिटांना अर्थ नाही, कारण परिणाम एकूण फेऱ्यांवर आणि ड्रम किती भरलाय यावर ठरतो. स्टिअरेट चाळून, ०.२५ ते १ टक्का, सगळ्यात शेवटी घाला. जास्त मिसळलं गेलं तर कणांवर पाणी न धरणारा पातळ थर बसतो: गोळी ठिसूळ होते आणि उशिरा विरघळते. म्हणून ३०, ६० आणि १२० फेऱ्यांनंतरचे नमुने वेगवेगळे दाबून त्यांचा कडकपणा मोजा. कडकपणा जिथे घसरायला लागतो, त्याच्या आधीच थांबा.