पाणी चढतंय आणि ग्राफ उतरतोय: ग्राफ काढताना या चुका टाळा

जुलै लागला की कोल्हापुरात सगळ्यांच्या मोबाईलवर एकच आकडा फिरायला लागतो, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फूट किती इंच. मग कुणीतरी हौशी माणूस ते आकडे एक्सेलमध्ये भरतो, निळ्या रंगाचा झकास ग्राफ काढतो आणि ग्रुपवर सोडतो, लोक नाद खुळा म्हणून अंगठे देतात आणि पुढं ढकलतात. त्यातले बरेच ग्राफ चुकीचे असतात. पण दिसायला भारी असले की कुणी तपासत नाही, हीच तर खरी गोची आहे. म्हणून आपल्या इथलीच उदाहरणं घेऊन कुठं काय बिघडतं आणि ते कसं दुरुस्त करायचं ते लिहितोय.

फूट-इंचाचा घोळ, सगळ्यात आधी हा

नदी चढायलीय. ३९ फूट ९ इंच, मग १० इंच, मग ११ इंच, मग ४० फूट. टाईप करणारा काय करतो, ३९.९, ३९.१०, ३९.११, ४० असं भरतो. एक्सेलला फूट-इंच कळत नाही, त्याला दशांश कळतो, तो ३९.१० चा शेवटचा शून्य खाऊन ३९.१ करतो. आता ग्राफ बघा, ३९.९ वरनं रेघ धाडकन ३९.१ ला खाली येते, तिथंच थोडी रेंगाळते आणि मग एकदम ४० ला उडी मारते. म्हणजे पाणी इंच इंच चढतंय आणि ग्राफ सांगतोय की पाऊण फूट उतरलं! आणि हे कुठं होतंय तर ३९ च्या इशारा पातळीला नुकतंच ओलांडल्यावर, जिथं लोक जनावरं हलवायची का नाही ते ठरवत असतात.

शिवाय ३९ फूट १ इंच आणि ३९ फूट १० इंच हे दोन्ही त्या शीटमध्ये ३९.१ च होतात, म्हणजे नऊ इंचाचा फरकच गायब, आणि एकदा गायब झाला की शीट बघून तो परत शोधता पण येत नाही.

उपाय सोपा आहे, एका कॉलममध्ये फूट, शेजारी इंच, तिसऱ्या कॉलममध्ये फूट अधिक इंच भागिले १२, आणि ग्राफ फक्त तिसऱ्या कॉलमचा. त्या हिशोबानं २०१९ च्या महापुरातले ५५ फूट ७ इंच म्हणजे ५५.५८ होतात आणि २०२१ चे ५६ फूट ३ इंच म्हणजे ५६.२५. ग्राफवर लेबल लिहिताना मात्र फूट-इंचच लिहा, लोकांना तेच कळतं, दशांश फूट कुणी बोलत नाही.

आता हा ग्राफ बघणारा माणूस नक्की काय शोधायलाय हा विचार करा. त्याला पातळी आवडते म्हणून तो बघत नाही, त्याला पाहिजे की इशारा पातळी किती लांब आणि धोका पातळी किती लांब. म्हणून ३९ आणि ४३ फुटाला दोन आडव्या रेघा मारा आणि त्या रेघांवरच ‘इशारा’ आणि ‘धोका’ असं लिहा, कोपऱ्यात रंगांची यादी देऊन लोकांना शोधत बसायला लावू नका. या दोन रेघा नसलेला पंचगंगेचा ग्राफ मला तरी अर्धवटच वाटतो, मग बाकी कितीही सजवलेला असू दे. माझं स्पष्ट मत असं आहे की ग्राफ बिघडतो तो रंगात नंतर, बघणाऱ्याचा प्रश्न कुठला हे न ठरवता इन्सर्टचं बटण दाबलं की आधीच बिघडलेला असतो.

तारखा आणि रिकामे रकाने

कॉम्प्युटरची रिजन सेटिंग अमेरिकेची असली तर ५/८ लिहिलं की ते पाच ऑगस्ट न धरता आठ मे धरलं जातं. म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या बारा दिवसांचा पूर वर्षभरात पसरतो आणि १३ तारखेपासनं पुढं ते तारीखच मानत नाही, नुसता मजकूर म्हणून ठेवतं. ग्राफ विचित्र पसरलाय असं दिसलं तर पहिलं तारखेच्या कॉलमकडं बघा, अलाइनमेंटला हात लावला नसेल तर खरी तारीख रकान्यात उजवीकडं चिकटते आणि मजकूर डावीकडं. काही तारखा उजवीकडं काही डावीकडं असं दिसलं की रोग सापडला. सेटिंग भारताची करा आणि तारखा परत भरा, किंवा सरळ ५ ऑग असं महिन्याचं नाव घालून लिहा.

दुसरं, पूर नसताना दिवसातनं दोन-तीनदाच आकडे येतात आणि पूर आला की तासातासाला. साधा लाईन चार्ट सगळे आकडे सारख्या अंतरावर मांडतो, त्याला मध्ये सहा तास गेले का एक तास गेला याच्याशी देणंघेणं नसतं. तारीख आडव्या अक्षावर टाकली तरी एक्सेल दिवसापर्यंतच बघतो, तास धरत नाही. परिणाम असा की पाणी कधी वेगानं चढलं आणि कधी हळू ते उतारावरनं वाचताच येत नाही. इथं स्कॅटर चार्ट घ्यायचा, रेघांनी जोडलेला, तो वेळेचं अंतर पाळतो.

रात्रीचं रीडिंग आलं नाही म्हणून कुणी शून्य भरू नका, नदी शून्यावर जाऊन परत ४२ फुटाला आली असं दिसतं. रकाना रिकामा सोडा. रिकामा सोडूनही रेघ खाली आपटत असेल तर त्या रकान्यात बहुतेक फॉर्म्युला आहे जो रिकामा मजकूर देतोय, एक्सेल ग्राफमध्ये त्याला शून्य समजतो, तिथं रिकाम्या मजकुराच्या जागी एनए फंक्शन, म्हणजे NA(), वापरा. सिलेक्ट डेटामध्ये खाली लपलेल्या आणि रिकाम्या रकान्यांचं बटण असतंय, तिथं जागा सोडायची का रेघ जोडायची ते ठरवता येतं. मी जागा सोडतो, जे मोजलं नाही ते मोजलंय असं कशाला दाखवायचं.

पावसाचा बार आणि पातळीची रेघ एकत्र काढत असाल तर एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. हवामान खात्याचा दिवसाचा पाऊस म्हणजे सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांचा. म्हणजे २५ तारखेच्या नावावर दिसणारा पाऊस बहुतेक २४ तारखेला पडलेला असतो. पाणी आधी चढलं आणि पाऊस नंतर पडला असा चमत्कार ग्राफमध्ये दिसला तर कारण हेच असू शकतं.

दोन अक्षांचा खेळ

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या पाण्यामुळं आपल्याकडं पूर येतो का, हा इथला नेहमीचा वाद. डावीकडं पंचगंगा फुटात, उजवीकडं अलमट्टीची पातळी मीटरमध्ये, दोन रेघा एकमेकींवर चढवलेल्या आणि खाली एक वाक्य की बघा आता पुरावा काय पाहिजे. नाहीतर ह्याच्या बरोबर उलटं, त्याच दोन रेघा लांब लांब आणि खाली लिहिलेलं की काही संबंध नाही. दोघांचे आकडे खरे आहेत आणि दोघांचे ग्राफ काहीच सिद्ध करत नाहीत, कारण उजवा अक्ष ५१५ पासनं सुरू करायचा का ५०० पासनं हे काढणाऱ्याच्या हातात असतंय. अलमट्टीची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर, तिथं अर्ध्या मीटरची हालचाल पण मोठी असते, पण अक्ष ताणला तर ती डोंगरासारखी दिसते आणि दाबला तर सपाट. दोन रेघा कुठं एकमेकींना छेदतात याला तर काही म्हणजे काहीच अर्थ नसतो, तरी लोक तिथंच बोट ठेवून भांडतात!

दोन वेगळ्या मापाच्या गोष्टी असतील तर दोन ग्राफ काढा, एकाखाली एक, आडवा अक्ष दोघांना तोच. मग २४ तारखेला वर काय झालं आणि खाली काय झालं ते डोळा सरळ रेषेत वाचतो. यानं पण कारण सिद्ध होत नाही, त्यासाठी विसर्ग, पाऊस, कृष्णेची पातळी सगळं लागतं, पण निदान ग्राफ स्वतःहून खोटं बोलत नाही.

बार शून्यापासनं, पण उताऱ्याचं काय?

बारचा अक्ष शून्यापासून सुरू झालाच पाहिजे हा नियम सगळ्यांनी ऐकलेला असतो आणि तो बरोबरच आहे, कारण बारमध्ये डोळा लांबी मोजतो. समजा एका साखर कारखान्याचा उतारा, म्हणजे उसातनं निघणारी साखर, ११.८ टक्के आणि शेजारच्याचा १२.१. अक्ष ११.५ पासनं सुरू केला की दुसऱ्याचा बार पहिल्याच्या दुप्पट दिसतो. सभेत असला ग्राफ दाखवला तर खुर्च्या हलतात.

पण आता शून्यापासनं काढून बघा, दोन्ही बार सारखेच. आणि सारखे आहेत का? नाहीत की. ०.३ टक्के म्हणजे टनाला तीन किलो साखर. दहा लाख टन गाळप असेल तर तीस हजार क्विंटल, आणि एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, उताऱ्यावरच ठरते. म्हणजे एक ग्राफ फरक फुगवतो आणि दुसरा लपवतो, नियम पाळून पण शेतकऱ्याची फसगत होतेच. अशा वेळी बारच सोडा. नुसते ठिपके मांडा, ठिपक्यात डोळा जागा बघतो, लांबी नाही, त्यामुळं अक्ष ११ ते १३ घेतला तरी चालतो, फक्त तो ठळक लिहा. किंवा सरळ विभागाच्या सरासरीपेक्षा किती वर आणि किती खाली असा फरकच काढा, मग शून्य आपोआप मध्ये येतं. नदीच्या पातळीचं पण तसंच, रेघ आहे, बार नाही, ३० फुटापासनं सुरू केली तरी काही बिघडत नाही.

जाता जाता, बार चार्ट आला कसा ते मजेशीर आहे. १७८६ मध्ये विल्यम प्लेफेअर व्यापाराच्या आकड्यांचे रेघांचे ग्राफ काढत होता, स्कॉटलंडचा मात्र एकाच वर्षाचा डेटा हाती होता, मग काळाची रेघ ओढणार कशाची, म्हणून त्यानं देशवार आडवे बार मांडले. वर्षं बदलतात तिथं रेघ, आणि एकाच वेळी वेगवेगळ्या गोष्टी तोलायच्या तिथं बार, ही वाटणी तिथूनच चालत आलीय. आपल्याकडं उलटं करतात, करवीर ते पन्हाळा ते शाहूवाडी अशी तालुक्यांमधनं रेघ ओढतात, जणू मध्ये एखादा अर्धा तालुका आहे.

बारा तालुक्यांचा पाय चार्ट

पाय चार्ट, म्हणजे तुकडे केलेला गोल, पण प्लेफेअरचाच, १८०१ चा. दोन-तीन तुकडे असतील तर ठीक. जिल्ह्याचे बाराच्या बारा तालुके गोलात कोंबले की बारा रंग, बारा नावं, आणि कागल मोठा का हातकणंगले मोठा ते टक्केवारी वाचल्याशिवाय कळत नाही. टक्केवारीच वाचायची तर गोल कशाला काढला? क्लीव्हलंड आणि मॅकगिल या संशोधकांनी १९८४ मध्ये माणसं बसवून हे तपासलंय, एकाच अक्षावरची जागा माणूस सगळ्यात अचूक वाचतो, कोन त्यामानानं कच्चा वाचतो. थ्रीडी पाय तर काढूच नका, पुढचा तुकडा उगंच मोठा दिसतो.

आडवे बार काढा, मोठ्यापासनं लहानाकडं. हातकणंगले, गगनबावडा असली लांब नावं डावीकडं सरळ बसतात, मान वाकडी करून वाचावं लागत नाही. आणि हे करताना एक बघा, कुठलीही एकूण संख्या घेतली, वाहनं घ्या नाहीतर पेशंट घ्या, करवीर वर आणि गगनबावडा तळाला येतो, कारण शहर करवीरमध्ये आहे आणि गगनबावड्यात माणसंच कमी. तो ग्राफ तुमच्या विषयाचा नसतो, लोकसंख्येचा असतो. लाखामागं किती ते काढा. पावसाचं याच्या उलट, तिथं जिल्ह्याची सरासरी फसवते, गगनबावड्याचा धो-धो पाऊस आणि शिरोळची रिमझिम एकत्र करून जो आकडा येतो तेवढा पाऊस कुठल्याच गावानं बघितलेला नसतो.

फौंड्रीवाल्यांसाठी पण हेच, शिरोलीत काय आणि गोकुळ शिरगावात काय. दहा कास्टिंगमधली दोन रिजेक्ट म्हणजे वीस टक्के आणि हजारातली दोनशे म्हणजे पण वीस टक्के, ग्राफवर दोन्ही बार सारखे, पण पहिल्यात पुढचा लॉट चांगला निघाला की टक्का लगेच खाली येतो आणि दुसऱ्यात खरंच वाळू नाहीतर ओतकाम बघायला लागतंय. टक्क्याच्या शेजारी एकूण नग लिहा.

बारा तालुक्यांच्या बारा रंगीत रेघा एकाच ग्राफमध्ये म्हणजे मिसळीवरची शेव, कुठली कुठं जाते पत्ता लागत नाही. सगळ्या फिक्या करड्या करा, ज्याबद्दल बोलायचंय ती एकच गडद, आणि नाव रेघेच्या टोकाला. लाल-हिरव्याची जोडी टाळा, बऱ्याच पुरुषांना त्यातला फरक दिसत नाही, आणि मीटिंगमध्ये शेवटी झेरॉक्सच वाटली जाते, तिथं लाल पण करडा आणि हिरवा पण करडा. निळा-नारिंगी घ्या, त्यातला एक गडद आणि एक फिका.

शीर्षकात ‘पाणी पातळी आलेख २०२१’ लिहून जागा घालवू नका, ‘२०२१ ला पंचगंगा २०१९ पेक्षा ८ इंच वर गेली’ असं लिहा, मग खालची रेघ कशासाठी आहे ते वाचायच्या आधी कळतं.

आणि मराठी लेबलं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर किडेमुंग्या होत असतील तर तुमचा फाँट जुन्या पद्धतीचा आहे, श्रीलिपी किंवा कृतीदेव. युनिकोडमध्ये टाईप करा, निर्मला किंवा मंगल चालतो. घाई असेल तर पीडीएफ करून पाठवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकलात तर तो दाबून लहान करतो आणि बारीक अक्षरं फुटतात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून टाका, आणि टाकायच्या आधी स्वतःच्या मोबाईलवर उघडून बघा. झूम न करता ३९ आणि ४३ च्या रेघांवरची नावं वाचता येईनात तर फाँट वाढवा, आणि जागा पुरत नसेल तर मागच्या जाळीच्या रेघा काढून टाका, त्यांचं काही काम नसतंय.